‘एकदम रनिंग’ बीएसए विकणाऱ्या महोदयांस

सन्माननीय विक्रेते महोदय यांस,
सादर प्रणाम.

आपण मला बीएसए एम20 मोटरसायकल विकलीत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. ‘एकदम रनिंग कंडिशन. किक मारा आणि थेट सातारा गाठा,’ असे आपण म्हणाला होतात. आपला शब्द मोडवेना, म्हणून निघालो. खंबाटकी घाट लागेपर्यंत गाडी खरोखरच रनिंग होती.

ट्रायल आपण गल्लीतल्या दोन चकरांत आटोपलीत. गिऱ्हाइकाच्या पेट्रोलची केवढी ही काळजी! मॅग्नेटो थंड असताना झकास ठिणगी देतो. चढावर पुरता तापला की त्यातला कंडेन्सर मान टाकतो आणि पुन्हा थंड होईपर्यंत किकला दाद देत नाही. मागे ट्रकांची रांग, वर ऊन आणि पुढ्यात दीडशे किलोंहून जड गाडी. त्या वळणावर आपली आठवण किती उत्कटतेने काढली, ते इथे छापता येणार नाही.

इंजिनात जाड ऑइल ओतून पिस्टनची खडखड दाबलीत, त्याबद्दलही ऋणी आहे. मॅग्नेटोच्या डोक्यावर बसणारा लुकासचा डायनॅमो मेस्त्रींनी पट्टा सोडून उघडला, तर आत पोकळ नळकांडे! हेडलाइट पेटत होता तो टूलबॉक्समध्ये दडवलेल्या बॅटरीवर. अॅमीटरचा काटा का हलत नाही, असे मी विचारले तेव्हा ‘जुन्या गाड्यांचं असंच असतं’ म्हणालात. केवढा हा व्यासंग!

आणि तो स्पीडोमीटर! स्मिथ्सच्या क्रोनोमेट्रिक स्पीडोमीटरचा काटा सरकत नाही, ठरावीक टप्प्यांनी टक् टक् उडी मारतो. आत घड्याळासारखी यंत्रणा असते. फोटोत तो होता, ताब्यात मिळालेल्या गाडीवर बुलेटचा होता. वाटेत बदलला असेल, हवामानामुळे.

पण महोदय, खरे उपकार पुढचेच. इंजिनचा नंबर सिलिंडरच्या खाली, डाव्या क्रँककेसवर असतो. तिथे कानशीचे तिरके ओरखडे आहेत आणि त्यांवर नवे आकडे ठोकलेले आहेत, एक वर, एक खाली. युद्धकाळातल्या एम20चा नंबर ‘डब्ल्यूएम20’ने सुरू होतो. आपल्याकडे डब्ल्यूचा पंच नसावा. आपण एमच उलटा करून ठोकलात. त्याचे दोन्ही पाय सरळ उभे आहेत, बोट फिरवले तरी कळते.

आपण काय पुसलेत, सांगू? ही गाडी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातली. नोव्हेंबर 1940 मध्ये त्या कारखान्यावर बॉम्ब पडले, 53 कामगार तिथेच गेले. तरीही काम थांबले नाही. महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास एम20 लष्कराला मिळाल्या. माझी त्यांतली कितवी, कोणत्या वर्षीची, हे सांगणारी खूण तिच्या अंगावर होती. ती आपण कानशीने घासलीत. ऐंशी वर्षांच्या गाडीचे नाव-गाव एका दुपारीत घालवलेत.

2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. आरटीओतले साहेब आता टॉर्च घेऊन त्या क्रँककेसपाशी वाकतील, तेव्हा आपली कारागिरी मी त्यांना आवर्जून दाखवणार आहे. श्रेय दुसऱ्या कुणाला जाऊ देणार नाही.

मूळच्या अॅमल कार्ब्युरेटरच्या जागी बुलेटचा बसवल्याचा मला जराही राग नाही. जुने पार्ट मिळत नाहीत, गाडी चालती ठेवायची तर माणूस जे हाताला लागेल ते लावतो. असे जुगाड करून पोटच्या पोरासारख्या गाड्या जपणारे कितीतरी लोक पुण्यात, कोल्हापुरात आहेत. ते विकताना सांगतात, ‘हे ओरिजिनल नाही बरं का.’ आपणही सांगितले असतेत, तरी गाडी मी घेतली असती. आपल्याला मात्र तेवढे एक वाक्य जड झाले.

पैशांचा हिशेब वकीलसाहेब आपल्याशी करतीलच. माझी विनवणी दोनच गोष्टींची आहे. स्पीडोमीटर कुणाला विकलात, त्यांचा पत्ता द्या. मी रीतसर किंमत मोजून तो परत घेईन. आणि घासण्यापूर्वी तिथे कोणता नंबर होता, तो कळवा. चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवलात तरी चालेल.

आपला कृपाभिलाषी,
सदर एम20चा सध्याचा मालक