लांब हात

मुख्याध्यापक मी गुणवत्तेवर झालो, असं माझ्या सासुरवाडीत सगळे मानतात. तो समज मी कष्टानं जोपासला आहे. व्हरांड्यातल्या फलकावर नाव रंगवताना पेंटरला 'एम.ए., बी.एड.' जरा ठळक काढ म्हणून सांगणाराही मीच. एरवी खासगी अनुदानित शाळेत सहशिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक ही चढण माणूस चढतच नाही, सेवाज्येष्ठता यादी चढते. आपण अधूनमधून वरच्या नावांच्या निवृत्तीच्या तारखा बघायच्या आणि त्यांच्या तब्येतीची मनापासून चौकशी करायची.

त्या यादीत आमचे गणिताचे सर आणि मी एकाच दिवशी रुजू झालेलो. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे अशा वेळी वयानं मोठा तो ज्येष्ठ. कागदावर मी १ जून १९६८ चा, ते १ जून १९६९ चे.

इथं मला १ जूनवर जरा बोलू द्या. स्टाफ मीटिंगमध्ये हल्ली कोणी बोलू देत नाही. माझ्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र या एकाच दिवशी जन्मला. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी पोराला समोर उभं करून उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं. मग मागं मोजायचं आणि लिहायचं, १ जून. माझा कान लागला. गणिताच्या सरांचा बोटभर राहिला, आणि गुरुजींनी 'पुढच्या साली आणा' म्हणून परत धाडलं. त्यांच्या आई अजून सांगतात, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, तान्ह्या लेकराला पोटाशी धरून त्या अंगणात पळाल्या होत्या. मी जन्मलो त्याच्या पुढच्या दिवाळीत. म्हणजे थोरले ते, आणि खुर्चीत मी, एका कानाच्या जोरावर! दर ३१ मेला तालुक्यात सत्काराच्या शाली कमी पडतात, त्याचं मूळही त्या कानातच. एक तारखेला जन्मलेला मास्तर अठ्ठावन्न भरताना आदल्या दिवशीच निवृत्त होतो.

"हेडसर, हात आखूड पडला हो," किरकोळ रजेचा अर्ज टेबलावर ठेवताना ते म्हणतात आणि हसतात. त्यांच्या बाहीवर खडूची पूड असते, माझ्या बोटांना शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई. मी इंग्रजी शिकवायला या नोकरीत आलो होतो. आता रोज खिचडी वाटपाआधी चाखतो आणि नोंदवहीत 'चव चांगली' लिहितो. माझं वाङ्मयीन लेखन उरलं ते एवढंच. मग किती ताटं झाली ते ॲपवर, पगारबिलं शालार्थवर, वर्गखोल्या, नळ आणि संडास यू-डायसवर. एवढ्यात ग्रुपवर 'अतितात्काळ, आजच ४ वाजेपर्यंत' येऊन पडतं. मागच्या आठवड्यात दिलेलीच माहिती, नव्या तक्त्यात. तोवर नववीचा माझा तास टळून गेलेला असतो. यावर विनोद करून बघितला, जमला नाही.

गेल्या पावसाळ्यात एक पालक आले. मुलगी नववीत. "सर, तारीख दोन-तीन वर्षं मागं घ्या. पूर्वीचे गुरुजी द्यायचे की लिहून." स्थळ आलं होतं. जनरल रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकाला परस्पर बदलता येत नाही, अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे मी सांगितलं. खरं म्हणजे ओरडलोच. शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. ज्या रजिस्टरनं मला फुकटात मोठं केलं, त्याच्यावर दोन्ही हात ठेवून मी बसून होतो. हात लांब असल्याचा तेवढा एकच उपयोग झाला.

मुलगी आता दहावीत आहे. तिच्या वर्गावरून मी जरा जास्तच फेऱ्या मारतो. स्टाफला वाटतं, हेडसर शिस्तीचे फार.

येत्या ३१ मेला चाव्या गणिताच्या सरांकडे जातील. त्यांच्या वाट्याला खुर्ची येईल ती एका वर्षापुरती. वाचकांत जे कोणी १ जूनचे असतील त्यांना एवढीच विनंती: आई आहे तोवर खरी तारीख विचारून घ्या.