धनेशाच्या झाडाखाली तिपाया

थंडी पडली की पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या बेळगाव ओलांडून दांडेलीकडे वळतात. गोव्याच्या गाड्या अनमोड घाटातून येतात. डिकीत हातभर लांब लेन्स, तिपाई, मातकट हिरवे कपडे. मुक्काम काळी नदीकाठच्या जंगलातल्या लॉजवर. बॅगा उतरायच्या आत पहिला प्रश्न: धनेश नक्की दिसेल ना?

घोळ इथूनच सुरू होतो.

जंगलात नक्की असं काही नसतं. पण लॉजवाल्याला खोल्या भरायच्या असतात, गाईडला बक्षिसी हवी असते आणि पाहुण्याला सोमवारी ऑफिस गाठायचं असतं. या तिघांच्या घाईचा भुर्दंड चौथा भरतो. त्याला पंख असतात.

गणेशगुडीचं ओल्ड मॅगझिन हाऊस घ्या. सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायची ही जागा. आता तिथे झाडांखाली पाण्याची उथळ भांडी आहेत. निळा माशीमार, नारिंगी डोक्याचा कस्तूर, बुलबुल आपणहून येतात, अंघोळ करतात, निघून जातात. माणूस एका जागी गप्प बसलेला. पक्ष्याला वाटलं तर येईल, नाही तर नाही. यात वाईट काय? काहीच नाही. फोटोही उत्तम मिळतात.

मग मोबाइलवर नराची शीळ वाजवायची गरज कुणाला पडते?

ती वाजली की खऱ्या नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. चारा शोधायचं सोडून तो भांडायला धावतो. समोर कुणीच नसतं. थोड्या वेळानं दुसरी गाडी, पुन्हा तीच शीळ. कोकणात पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, तो पिल्लं वाढवायला. ऐन त्या दिवसांत त्याला फसवून फांदीवर आणायचं आणि घरी येऊन सांगायचं, ‘दिसला!’

उन्हाळ्याच्या तोंडावर दांडेलीत याहून वाईट घडतं. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळतात. कित्येक आठवडे तिचं पोट नराच्या फेऱ्यांवर चालतं. वड-उंबराची फळं आणून तो फटीतून भरवतो. हा भरवतानाचा फोटो सगळ्यांनाच हवा. म्हणून झाडाखाली तिपायांची रांग. नर बुजतो, लांबच्या फांदीवर बसून राहतो. खाली कुजबुज, ‘अजून कसा आला नाही?’

तो आलाय. तुम्ही उठत नाही.

आणि आत कोण उपाशी आहे, ते कुठल्याच लेन्सला दिसत नाही. काही स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलं, चांगलं केलं. पण स्पर्धेला फोटो पाठवणारे किती? बाकीचे ग्रुपवर टाकतात, सोबत ठिकाणही. पुढच्या शनिवारी रांग दुप्पट.

एवढी मोठी चोच असून धनेशाला ढोली कोरता येत नाही. आयती लागते, तीही जुन्या, जाडजूड झाडातली. काळीच्या खोऱ्यानं धरणं पाहिली, खाणी पाहिल्या, कागदाची गिरणी पाहिली. त्यातूनही धनेशाच्या चार जाती इथे टिकल्या. २०११ साली कर्नाटकानं दांडेलीत खास धनेशासाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं. कुऱ्हाडीपासून राखलेलं झाड आता पक्षिप्रेमींपासून राखायचं?

आपल्याकडेही वेगळं चित्र नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित निवांत चरत असतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थेट थव्यात घातली जाते. इतक्या लांबून पोट भरायला आलेल्या पक्ष्याला आपण भरल्या पानावरून उठवतो.

लॉजला फोन करताना भाडं विचारता, नाश्त्याला काय ते विचारता. अजून थोडं विचारा. शीळ वाजवता का? किडे टाकून पक्षी फांदीवर आणता का? घरट्याखाली नेता का? एकालाही ‘हो’ आलं, तर दुसरं लॉज शोधा आणि का शोधताय तेही सांगा. लॉजवाले वनखात्याचं ऐकोत न ऐकोत, बुकिंग रद्द करणाऱ्याचं ऐकतात.

गाईडला मात्र धनेश दिसला नाही तरी ठरलेली बक्षिसी द्या. दोन पैसे जास्तच द्या. पक्षी दिसला तरच पैसे, असं आपण ठरवलं म्हणून तो खिशात स्पीकर घेऊन हिंडतो.