चिठ्ठी निघाली त्याची, खासदार झाला दुसराच

27 फेब्रुवारी 2024. हिमाचलमधून राज्यसभेची एक जागा भरायची होती. विधानसभेत काँग्रेसचे 40 आमदार, भाजपचे 25. काँग्रेसची सहा मतं फुटली, तीन अपक्षही भाजपकडे गेले आणि मोजणी थांबली 34-34 वर. काँग्रेसचे अभिषेक मनू सिंघवी आणि भाजपचे हर्ष महाजन यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली सिंघवींची, विजयी झाले महाजन!

मुंबईकरांना हे पटणं कठीण. 2017 च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांनाही 5946 मतं पडली होती. ईश्वरचिठ्ठी शहांच्या नावाची निघाली आणि नगरसेवक शहाच झाले. लोकसभा-विधानसभेलाही ज्याच्या बाजूने कौल लागतो, त्याच्याच पारड्यात एक मत जादा धरतात.

राज्यसभेची मोजणी मात्र वगळत वगळत चालते. तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. तळाशी दोघे सारखे असले, तर पहिल्या पसंतीची मतं कोणाला कमी ते पाहायचं. तीही सारखी असतील तर चिठ्ठी. कोणाला वगळायचं ते चिठ्ठीने ठरवा, एवढंच नियम सांगतो. निघालेली चिठ्ठी वगळायची की राहिलेली, याबद्दल चकार शब्द नाही. गर्दीतला एक कमी करण्यासाठीचा हा नियम शेवटच्या दोघांना लावला की थेट खासदारकीचाच फैसला होतो. सिंघवी उच्च न्यायालयात गेले ते याच मुद्द्यावर.

दोघांनाही संधी निम्मी-निम्मीच, मग बिघडलं कुठे, असं कोणी म्हणेल. बिघडलं ते विश्वासात. हरणाऱ्यालाही आपण का हरलो ते लेखी नियमात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आणि हीच पद्धत एरवी किती काटेकोर आहे! एकाहून जास्त जागा असल्या की प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात, म्हणजे विजेत्याची कोट्यावरची (निवडून यायला लागणाऱ्या मतांवरची) शिल्लक मतं अंशाअंशाने पुढे देता येतात. जून 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या सहाव्या जागेवर पहिल्या पसंतीची 33 मतं मिळवणारे संजय पवार हरले आणि 27 वाले धनंजय महाडिक निवडून आले, ते दुसऱ्या पसंतीच्या या हिशेबामुळे. निकाल कोणाला आवडो न आवडो, त्यातला प्रत्येक आकडा नियमावर ताडून पाहता येत होता. मताच्या शंभराव्या भागाची काळजी घेणाऱ्या नियमावलीत चिठ्ठीच्या अर्थासाठी एक वाक्य असू नये?

ते वाक्य सरळ आहे : दोघेच उरले असतील तर ज्याची चिठ्ठी निघेल तो विजयी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कायदाही बदलावा लागत नाही. हे 1961 चे नियम आहेत. निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून केंद्र सरकार ते अधिसूचना काढून बदलू शकतं.