रिफ्रेशकाका

रिफ्रेशकाका ही जमात डोंबिवलीसारख्या गावांत दर सोसायटीला किमान एक या प्रमाणात आढळते. पूर्वाश्रमी बहुधा बँकेत. शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे मागे सरले आणि हे पुढे दिसले, एवढंच तांत्रिक शिक्षण. ओळखीची खूण म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला पेनड्राइव्ह.

बोलावणं ठरलेल्या तक्रारीवर येतं. रात्री स्लीपवर टाकलेला कॉम्प्युटर सकाळी जागा होतो, पण ताळ्यावर येत नाही. ब्राउझर उघडेपर्यंत चहा होऊन गाळूनही होतो. काका येतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून रिफ्रेश करतात. मग पुन्हा. मग पाच-सहा वेळा सलग, आचमन केल्यासारखं. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन नव्याने मांडले जातात, बाकी काही नाही. रॅम मोकळी होत नाही. हे काकांना अनेकांच्या मुलांनी सांगून झालं आहे. ते मान डोलावतात आणि रिफ्रेश करतात.

खरं दुखणं वेगळं असतं. स्लीपमध्ये रॅमला वीज मिळत राहते आणि उघडी कामं तशीच तिथे पडून राहतात. जाग येताच तुंबलेली कामं एकदम सुरू होतात: अपडेट, अँटिव्हायरसची झाडाझडती, सर्चसाठी फायलींची नोंद. हार्डडिस्क जुनी, मिनिटाला 5400 फेरे घेणारी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना 100 टक्क्यांवर जाऊन बसतो. काका याला ‘सकाळचं बाथरूम’ म्हणतात: घरात माणसं सात, बाथरूम एक. उपमा चोख आहे. ती देऊन झाली की ते रिफ्रेश करतात.

पुढचा विधी सफाईचा. टेम्प फोल्डर रिकामं होतं, ते ठीक. पण त्याच झपाट्यात प्रीफेचही उडतं. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच विंडोज त्यात नोंदी ठेवतं, त्यामुळे पहिल्या खेपेला सगळं आणखीच रेंगाळतं. ‘बघा, आता कसं निवांत चाललंय,’ असं काका म्हणतात.

एका बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालू नये. यजमान छातीठोकपणे सांगतो, ‘अहो, मी रोज शटडाउन करतो.’ काका टास्क मॅनेजरमधला अपटाइम दाखवतात: 19 दिवस. 2012 साली विंडोज 8 बरोबर फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असलं की शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कोरी सुरुवात होते ती रिस्टार्टने. ‘शटडाउन म्हणजे डुलकी, रिस्टार्ट म्हणजे आंघोळ,’ हे काकांचं वाक्य खरं तर सोसायटीच्या फळ्यावर लिहायला हवं. रिस्टार्टनंतर मशीन पळू लागतं. श्रेय रिफ्रेशला जातं.

एवढं करूनही भागलं नाही, तर काका लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला जातात आणि बिलाच्याच पैशांत एसएसडी घेऊन येतात. जुन्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ ते परक्याच्या हॉलमध्ये, मालिका संपून दिवे मालवले गेले तरी, 38 टक्के, 39 टक्के असे आकडे बघत बसून राहतात. कारण ‘न्यू फोल्डर 3’ नावाच्या फोल्डरमध्ये नातवाच्या बारशाचे फोटो असतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. मजुरी अर्धा कप चहा, बिनसाखरेचा.

एसएसडीत फिरणारं काही नसतं. सकाळची गर्दी ती चुटकीसरशी उरकते. एक एक घर असं बरं होत गेलं आणि बोलावणी थांबली. आता काका वर्गणीच्या निमित्ताने डोकावतात आणि ‘मशीन काय म्हणतंय?’ असं विचारतात. लॅपटॉपचं झाकण उघडताच पडदा लख्ख समोर येतो. काका क्षणभर थांबतात, चष्मा नाकावर घेतात आणि रिकाम्या जागी राइट क्लिक करतात.