उद्या-सर

इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या सरांचं नाव मस्टरवर आहे, ते तिथेच राहू द्या. उंद्रीत त्यांना उद्या-सर म्हणतात. कोणतीही गोष्ट ते ऐन मोक्यावर आणतात, चष्मा काढतात, मफलरच्या टोकाने पुसतात आणि म्हणतात, "उद्या." हात नुसता चष्म्याकडे गेला तरी पोरं "नाही सर, नाही सर" करून बाकं बडवायला लागतात. चहाच्या टपरीवरही तोच प्रकार. भावकीतलं भांडण कुऱ्हाड उगारेपर्यंत आणून ठेवतात आणि कप खाली ठेवून उठतात. कुऱ्हाड कुठे पडली हे ऐकण्यापायी एका पाहुण्याची चिखलीची येष्टी गेली. घरी मात्र ही विद्या चालत नाही. सरांनी बैठकीत गोष्ट सुरू केली की बाई स्वयंपाकघरातून तिचा शेवट सांगून मोकळ्या होतात.

मी गणिताचा. माझा तास त्यांच्या तासानंतर, म्हणजे खरं तर त्यांच्याच तासात. म्हणून ही हकीकत मला मागच्या बाकावरून ऐकावी लागली.

2019 चा डिसेंबर होता. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात कॉलर बांधलेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन बसला होता. सरकारदरबारी तो टी-वन-सी-वन, पुढे लोक त्याला वॉकर म्हणू लागले. गावात दुसरा विषय नव्हता. सरांनी संधी साधली आणि अभ्यासक्रमात कुठेही नसलेली एक कथा नववीत काढली: रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची 'द मोस्ट डेंजरस गेम', 1924 ची.

"गेम म्हणजे काय?"

"खेळ!"

"आणखी?"

वर्ग गप्प. 'गेम' म्हणजे सावजही, हे सांगायला सरांनी खडू उचलला, तेवढ्यात खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "सर, गेम करनं म्हंजे माणूस मारनं."

सर खडू धरून तसेच उभे राहिले. कथेत नेमकं तेच आहे. रेन्सफर्ड नावाचा नामांकित शिकारी जहाजावरून समुद्रात पडतो, पोहत एका बेटावर पोचतो. तिथे जनरल झारॉफ हा रशियन सरदार महालात राहतो. जनावरं मारून मारून तो कंटाळलेला आहे, म्हणून आता माणसांची शिकार करतो. सावजाला एक सुरी देतो, तीन तास आधी सोडतो, मग मागावर निघतो. तीन दिवस सापडला नाही तर सुटला.

ही एवढी गोष्ट सरांनी तीन आठवडे चालवली. फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर बेट काढलं, भोवती लाटा काढल्या आणि खाली लिहिलं: 'पुसू नये'. पायथागोरसचं प्रमेय मी त्या वर्षी झारॉफच्या दलदलीला टेकून शिकवलं. कर्णावरचा चौरस समुद्रात गेला.

सरांचा खरा जीव चर्चेत. कथा थांबवून ते मोठे प्रश्न टाकत आणि डोळे मिटून उत्तराची वाट पाहत. पण समोरची पोरं हरभऱ्याच्या राखणीवरून आलेली असत. रात्री रोही आणि डुकरं हाकलायची, शेतीची लाईट रात्रपाळीची असली तर पाणीही द्यायचं, आणि सकाळी झारॉफ.

"सावजाला भीती वाटत असेल का?" सरांनी विचारलं. हा प्रश्न कथेच्या सुरुवातीलाच जहाजावर निघतो, आणि रेन्सफर्ड तो उडवून लावतो.

"डुकराले नायी वाटत सर," उत्तर आलं. "मचानावर आपल्याले वाटते."

"आन् वाघाचा पत्ता तरी खात्याले मालूम हाय," दुसऱ्याने जोडलं. "डुकराले कोन पट्टा बांधते?"

रेन्सफर्डने एका रात्रीत खड्डा खणला, त्यात टोकदार खुंट रोवले, वरून फांद्या पसरल्या, हे सरांनी असं सांगितलं की माझ्याही हाताला घाम आला. चष्मा निघणार, तेवढ्यात प्रश्न आला, "कायनं खंदला सर?"

"हाताने. माती मऊ होती. दलदल."

"आमच्या इथं विहिरीले पोकलँड लागते."

त्यावर दहा मिनिटं काळी माती, मुरूम आणि खडक. जनरल तसाच ताटकळत राहिला. सरांचं 'उद्या' त्या दिवशी कोणी ऐकलंसुद्धा नाही.

रेन्सफर्डचं सुरुवातीला एक तत्त्वज्ञान असतं: जगात माणसं दोनच जातीची, शिकार करणारी आणि शिकार होणारी. सरांनी ते फळ्यावर दोन रकान्यांत लिहिलं आणि विचारलं, तुम्ही कशात? सहसा न बोलणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, राखनदार कुठं लिहू?" डुक्कर मारलं तर 1972 चा कायदा आहे, खात्याची परवानगी लागते, नाही मारलं तर हरभरा जातो. तिचा बाप बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन रात्रभर उभा असतो. तो ना मारतो, ना मरतो.

सरांनी तिसरा रकाना आखला. त्यासाठी बेटाचा थोडा किनारा स्वतःच्या हाताने पुसला. ते पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

अखेर शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवट सांगावाच लागला. पोरांनी सरांचा चष्माच मागून घेतला होता, पुढच्या बाकावर ठेवला होता. सरांनी एका दमात सांगितलं. कुत्री मागे लागतात, रेन्सफर्ड कड्यावरून समुद्रात उडी मारतो. जनरल हळहळत घरी येतो, जेवतो, खिडकीतून खालच्या कुत्र्यांना 'पुढच्या वेळी जमेल' म्हणतो, दिवा लावतो, तर पलंगाच्या पडद्यामागे रेन्सफर्ड उभा! हरेल तो कुत्र्यांच्या तोंडी, जिंकेल तो या पलंगावर, असं ठरतं. आणि त्या रात्री रेन्सफर्ड पलंगावर झोपतो. इतकी चांगली गादी त्याला कधी मिळाली नव्हती.

वर्ग चिडीचूप. टाळ्या पडणार असं वाटलं.

"पन सर," खिडकीजवळचा म्हणाला, "थो बी आता मानूस मारून झोपला ना. मंग त्याले झोप लागली कशी?"

सरांचा हात नाकाशी गेला. चष्मा तिथे नव्हता. ते फळ्याकडे वळले, अर्धवट पुसलेल्या बेटाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.