अ‍ॅडमिन अण्णा

घाटनांदुरात कुणाच्या बैठकीत कॉम्प्युटरवर घडी न मोडलेला टॉवेल पांघरलेला दिसला, तर समजावं की इथं अ‍ॅडमिन अण्णा राहतात. घरं वेगळी, आडनावं वेगळी, वाण एकच. नोकरीत असताना यांनी सही-शिक्क्याशिवाय एक कागद पुढं सरकू दिला नाही. निवृत्त झाले आणि सही कुणी मागेना. भाजी कशाची करायची ते सून ठरवते, पेरा कशाचा ते मुलगा. हाती राहिला तो कॉम्प्युटर. अण्णांनी अ‍ॅडमिनचं खातं स्वतःकडं ठेवलं आणि बाकी घराला साध्या खात्यांवर बसवलं.

खरं सांगायचं तर हे त्यांनी बरोबरच केलं. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच मालक; गाण्यांच्या पेनड्राईव्हमधून आलेला व्हायरसही मालकाच्याच तोऱ्यात वावरायचा. 2007 साली व्हिस्टा आलं आणि विंडोज प्रत्येक गोष्टीला परवानगी विचारू लागलं. लोक इतके वैतागले, की 2009 च्या विंडोज 7 मध्ये हे विचारणं कमी-जास्त करायची सरकपट्टी द्यावी लागली. अण्णांनी ती पार वरच्या टोकाला नेऊन ठेवलीय. परवानगीची चौकट आली की मागचा पडदा काळवंडतो. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं परस्पर 'होय' दाबू नये, म्हणून केलेली ती सोय. अण्णांच्या मते तो आपला मान आहे.

"अण्णा, इचारायलंय!" नात हाक मारते.

"कोण इचारायलंय?"

"प्रिंटर."

अण्णा लगेच येत नाहीत. चष्मा पुसतात, खुर्ची ओढून घेतात. "कशाला पाहिजे?"

"पीक विम्याची पावती काढायचीय."

"कोणत्या रानाची? खालच्या का वरच्या?"

प्रिंटरच्या ड्रायव्हरला रानाशी काय करायचंय! पण चौकशी पुरी झाल्याशिवाय बोट कीबोर्डला लागत नाही. मग नातीला तोंड फिरवायला लावून, डाव्या तळहाताचा आडोसा धरून पासवर्ड घातला जातो. आता चौकटीत वाचण्यासारखं दोनच ओळींचं असतं: प्रोग्राम कोणता आणि तो बनवला कुणी. बनवणारा अनोळखी असला तर वर पिवळी पट्टीही येते. अण्णा तेवढंच सोडून सगळं वाचतात. उलटतपासणी नातीची होते, प्रोग्राम निर्दोष सुटतो.

बरं, कधी 'नाही' म्हटलंय का? आठवत नाही कुणाला. नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार?

पासवर्ड मात्र काकूंनाही ठाऊक नाही. अडचण येते ती अण्णा गावाला निघाले की. अंबाजोगाईला रेल्वे नाही, त्यामुळं तिकडचीही माणसं गाडीला घाटनांदुरात येतात; स्टेशनवर बऱ्यापैकी गर्दी असते. परळीकडची गाडी यायच्या बेतात, आणि नातीचा फोन. परीक्षेचा अर्ज भरायचाय, आज शेवटची तारीख, आणि प्रिंटर इचारायलंय. रेंज येते-जाते. अण्णा एक कान बोटानं दाबतात.

"लिही. दुष्काळ!"

"काय?"

"दुष्काळ, दुष्काळ! इंग्रजीत. डी मोठा!"

बाकावरचा म्हातारा दचकला. "मोठा? कुठं पडला?"

"मधी जागा सोडू नको. पुढं साल टाक."

"कोणतं साल?"

"बहात्तर! आकड्यात, अख्खं! 1972!"

"बहात्तरचा व्हय," म्हातारा निश्चिंत झाला, "तवा आम्ही खडी फोडायला होतो." शेजारच्या बाईनंही मान हलवली. फलाटावर ज्याच्या त्याच्या घरची बहात्तरची हकिकत सुरू झाली. तिकडं ड्रायव्हर बसला, अर्ज निघाला, अण्णांचा जीव भांड्यात पडला.

"अन् ऐक," फोन ठेवता ठेवता ते गरजले, "ह्यो पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाई!"

"न्हाई सांगत," म्हातारा म्हणाला.