फोटो तयार, निकाल बाकी

दहावीच्या मुलाचा बाप काळजी करणार हे ठरलेलंच असतं. कशाची, एवढंच गावागणिक बदलतं. लातूरचा बाप अर्ध्या मार्कानं झोप उडवून घेतो, मुंबईचा बाप कॉलेजच्या नावानं. रत्नागिरीच्या बापाची मात्र पंचाईत आहे. कोल्हापूरपासून वेगळं होऊन रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं कोकण मंडळ झालं, तेव्हापासून निकालात पहिला नंबर सोडायचं ते नावच घेत नाही. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२. त्या साली सगळ्या राज्याचा होता ९४.१०. शंभरातली नव्याण्णव पोरं पास होणार म्हटल्यावर बापानं काळजी करायची तरी कशाची?

भाऊ फोटोची करतात.

भाऊ म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, एक भाऊ निघतोच. नोकरी जिल्हा परिषदेत नाहीतर बँकेत. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. एस.टी. साडेसातची असेल तर हे पावणेसातला स्टँडवर. असल्या माणसाला मुलाच्या परीक्षेत करण्यासारखं काही उरत नाही. प्रमेयं मुलाला पाठ करावी लागतात, पेपर मुलाला लिहावा लागतो. फोटो मात्र बापाच्या हातातला विषय. दहावीचा फॉर्म भरायचा ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणून भाऊ तयारीला लागतात मे महिन्यात.

पहिला बळी हापूसचा. माजघरात गवतात आढी घातलेली, सगळं घर घमघमतंय आणि भाऊ फर्मान काढतात, "बाळ्याला आंबा बंद. उष्ण असतो, पुळ्या उठतात."

"अहो, फोटो ऑक्टोबरात ना?" वहिनी विचारतात.

"कातडीला वेळ लागतो," भाऊ म्हणतात. बाळ्या आमरसाच्या वाटीकडे बघत आमटीभात जेवतो. रत्नागिरीत जन्म घेऊन मे महिन्यात आमटीभात! मला विचाराल तर दहावीत त्या पोरानं भोगलेले खरे कष्ट तेवढेच.

पावसाळ्यात प्रश्न येतो शर्टाचा. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटातल्या पांढऱ्या शर्टावर आठ दिवसांत बुरशीचे ठिपके उठतात. म्हणून भाऊ राम आळीतून गणवेशाचा नवा शर्ट आणतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, वर डांबरगोळ्या टाकतात आणि पिशवी बँकेच्या पासबुकांशेजारी ठेवून देतात. पुढे तो शर्ट घातल्यावर बाळ्याला डांबरगोळ्यांचा वास येतो. भाऊंचं उत्तर तयार असतं, "फोटोला वास येत नाही."

पण खरी कसोटी केसांची. भाऊंच्या मते कटिंग केल्या दिवशी माणूस सोललेल्या शहाळ्यासारखा दिसतो. आठव्या दिवशी केस बसतात, दहाव्या दिवशी पुन्हा उठतात. तेव्हा कटिंग फोटोच्या बरोबर आठ दिवस आधी. भाऊ कालनिर्णय काढतात. गणपतीत घरात माणसांची गर्दी. त्यानंतर पितृपक्ष, त्यात कटिंग नाही. लगेच नवरात्र, आईचा नऊ दिवस उपास, तेव्हा न्हाव्याचं नाव काढायची सोय नाही. सोमवारी सलून बंद. एवढं सगळं गाळून दसऱ्यानंतरचे जेमतेम दोन दिवस हाती लागतात. त्या चौकोनांभोवती भाऊ लाल रिंगण करतात. मुलीच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा याहून लवकर निघाला होता.

एवढ्यात मिसरूडाचा मुद्दा निघतो. बाळ्याच्या ओठावर पावसाळ्यातल्या चार महिन्यांत काहीतरी उगवलेलं असतं. आजी म्हणते, काढ मेल्या, उंदीर दिसतोस. भाऊ इतक्या सहजासहजी सही करणारे नव्हेत. आत्ता काढलं आणि परीक्षेपर्यंत पुन्हा वाढलं, तर हॉलतिकिटावर बिनमिशीचा आणि बाकावर मिशीवाला. पर्यवेक्षकानं डमी म्हणून उठवला तर? आणि ठेवलं, तर पोरगं परीक्षेपर्यंत ते काढणार नाही याची हमी कोण देणार? शेवटी तोडगा निघतो की मिसरूड काढायचं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा काढायचं. बाळ्याच्या वेळापत्रकात भूगोलाच्या वर ही नोंद होते.

फोटो काढायला किती वेळ लागतो? स्टुडिओवाल्याला तीन मिनिटं. "मान जरा खाली. हां. झालं." भाऊंना ते मान्य नसतं. चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून त्यांनी जुन्या चष्म्याच्या काचा काढून नुसती फ्रेम आणलेली असते. फ्रेम घातल्यावर बाळ्याला कॅमेरा कुठे आहे तेच दिसत नाही. तो आवाजाच्या दिशेनं बघतो. मागे पांढरा पडदा, अंगात पांढरा शर्ट. पहिल्या फोटोत नुसतं मुंडकं अधांतरी तरंगतं. "कॉलर तरी दिसू दे हो," भाऊ विनवतात. शेवटी साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या बत्तीस प्रती. फॉर्मसाठी फोटो शाळेनं संगणकात केव्हाच चढवलेला असतो, पण बत्तीस असलेले बरे.

इथे सगळं संपायचं. पण भाऊंचा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडून कळतं की अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे खास फोटो काढतात, तेही वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात. मुलांना कोट-बो स्टुडिओवालेच देतात, दोन-तीन कपडे बदलून झाडाखाली, तळ्याकाठी बसवतात, आणि ते फोटो शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापून येतात. भाऊ हेलावतात. आपल्यासारखं दुसरंही कुणीतरी जगात आहे! पुढच्या रविवारी पुतण्याचा मोबाईल, बाळ्या आणि दोन जास्तीचे शर्ट घेऊन मोहीम भाट्याच्या सुरूबनात. समुद्रावरचा वारा आठव्या दिवशीचे केस पहिल्या मिनिटात उभे करतो. मग थिबा पॅलेस. रंगीत काचांच्या खिडक्या मागे येतील असा कोन शोधता शोधता ऊन डोक्यावर येतं, बाळ्या कुरकुरतो, आणि भाऊंना इतिहास आठवतो.

"ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणला. राजवाडा बांधून झाला १९१० साली. चोवीस वर्षं वाट पाहिली त्यानं. तुला चोवीस मिनिटं उभं राहवत नाही?"

"त्याला कैदेत ठेवलं होतं, बाबा."

"मग तू कुठे मोकळा आहेस? दहावीत आहेस."

परीक्षेआधी हॉलतिकीट येतं. शाळेच्या प्रिंटरवर काळंपांढरं छापलेलं, आणि मुख्याध्यापकांचा गोल शिक्का बरोबर नाकावर. कॉलर दिसत नाही. आंबा न खाल्लेली कातडीही दिसत नाही. निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोत पाटी पुढे, शिक्षक खुर्च्यांवर, आणि तिसऱ्या रांगेत बाळ्याचे डोळे मिटलेले. भाऊ तो फोटो उन्हात धरून बघतात. त्यांच्या मते डोळे मिटलेले नाहीत, खाली वळलेले आहेत.

पण भाऊंची सगळी मदार निकालानंतरच्या फोटोवर. मंडळ गुणवत्ता यादी काढायचं तेव्हा वार्ताहर घरी यायचे आणि पेढा भरवतानाचा फोटो मोजक्या पोरांच्या वाट्याला यायचा. ती यादी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता नाक्यावर फ्लेक्स लागतो, आणि पैसे भरले की ब्याऐंशी टक्केवालाही 'घवघवीत यश' मिळवतो. निकाल ऑनलाइन लागतो त्याच दुपारी भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन फ्लेक्सवाल्याकडे हजर. सुरूबनातला, पॅलेससमोरचा, फ्रेमवाला, बिनफ्रेमचा, सगळे आहेत.

"मुलाचं झालं," फ्लेक्सवाला म्हणतो. "शुभेच्छुकांचे द्या. वडिलांचा मोठा घेतो."

भाऊंचा फोटो नसतो. आधार कार्डावरचा तेवढा असतो, काढला तेव्हा त्यांना ताप होता. वेळ नाही म्हणून तोच मोठा करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर सगळी सोसायटी जमते. कोपऱ्यात हसरा बाळ्या, भांग जागच्या जागी, आणि अर्धा फ्लेक्स व्यापून भाऊ, डोळे तांबारलेले, केस उभे. एक रिक्षावाला गाडी हळू करून विचारतो, "काय झालं ओ यांना? कधी?"

भाऊ ऐकतात, पण लक्ष देत नाहीत. ते बाळ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असतात.

"बारावीला भांग उजवीकडे पाडू," ते वहिनींना म्हणतात.

"आधी अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरा," वहिनी म्हणतात. "आणि घरी चला. आढीतले शेवटचे चार आंबे उरलेत, ते बाळ्याला खाऊ द्या."

"चार नको," भाऊ म्हणतात. "दोन."